सिक सायनस : एक तार की दोन?

सिक सायनस सिंड्रोमचं, म्हणजे हृदयाचे ठोके सुरू करणारी वरच्या कप्प्यातली गाठ बिघडल्याचं, निदान झालं, ठोके देणारं यंत्र म्हणजे पेसमेकर बसवायचं ठरलं, की घरच्यांपुढे पुढचा प्रश्न बहुतेक वेळा खर्चाच्या अंदाजासोबतच येतो : सिंगल चेंबर की डबल? यंत्राची एक तार हृदयाच्या खालच्या कप्प्यात घालून भागवायचं, की दुसरी वरच्या कप्प्यातही घालायची? वरवर पैशांचा वाटणारा हा प्रश्न वैद्यकात दीर्घकाळ भांडला गेला आहे.

आजाराचा जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. या गाठीचं, म्हणजे सायनस नोडचं, वर्णन १९०७ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झालं. वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याला ती गाठ आधी दिसली ती मोल नावाच्या, बिळात राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्याच्या हृदयात. १९०९ मध्येच अख्खं हृदय काही काळ थांबून शुद्ध हरपणाऱ्या एका स्त्रीची नोंद झाली. ठोके कधी फार मंद, कधी फार जलद, असा आलटून पालटून होणारा प्रकार १९५४ मध्ये वेगळा मांडला गेला. 'सिक सायनस' हे नाव मात्र १९६७ चं. विजेचा झटका देऊन हृदयाची बिघडलेली लय मोडल्यावर काही जणांचा सायनस नोड सूत्रं नीट हाती घेत नाही, हे पाहून ते दिलं गेलं.

तोवर पेसमेकर आलेला होता. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ चा, स्टॉकहोमचा. तो काही तासच चालला, पण रस्ता खुला झाला. मात्र ते यंत्र हार्ट ब्लॉकसाठी होतं. त्यात वरचा संदेश खाली पोचत नाही, म्हणून तार खालच्या कप्प्यात घालणं सरळच होतं. पुढे सिक सायनसचे रुग्ण येऊ लागले तेव्हा हाताशी होतं तेच त्यांनाही बसवलं गेलं. खरं तर यांच्यात बिघाड वर असतो. खाली जाणारा मार्ग बहुतेकांचा शाबूत असतो. पण वरच्या कप्प्यात तार टिकत नसे, सटकायची. वाकड्या टोकाच्या आणि स्क्रूसारख्या फिरवून रुतवायच्या तारा आल्यावर ती अडचण कमी झाली. सवय मात्र राहिली.

खालूनच ठोका दिला की वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा मेळ सुटतो. मधली झडप बंद असताना वरचा कप्पा आकुंचन पावतो आणि रक्त उलटं मानेकडे ढकललं जातं. मानेच्या शिरा उडताना दिसतात, चक्कर येते, दम लागतो. पेसमेकर बसवूनही जिना चढवत नाही, अशी तक्रार घेऊन रुग्ण परत येतो. यालाच पेसमेकर सिंड्रोम म्हणतात.

पहिला ठोस पुरावा डेन्मार्कमधून आला. सिक सायनसच्या २२५ रुग्णांपैकी निम्म्यांना तार वरच्या कप्प्यात, निम्म्यांना खालच्या. १९९४ च्या आणि मग १९९७ च्या निकालांत वरच्या तारेच्या गटात एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) कमी, गुठळ्यांचे त्रास कमी, आणि दीर्घकाळात मृत्यूही कमी दिसले. वाद मिटला असं वाटावं अशी ही आकडेवारी होती.

नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी तिची हवा काढली. कॅनडाची २००० मधली चाचणी अडीच हजारांवर रुग्णांची होती, पण त्यातले सगळे सिक सायनसचे नव्हते. अमेरिकेची २००२ मधली २,०१० रुग्णांची चाचणी मात्र फक्त याच आजारावर होती. दोन्हींत मृत्यू आणि पक्षाघात यांत ठळक फरक सापडला नाही. एट्रियल फिब्रिलेशन कमी झालं, बस्स. यावर 'मग स्वस्तातलं यंत्र काय वाईट?' असा युक्तिवाद सुरू झाला आणि तो अजून ऐकू येतो.

पण या दोन चाचण्यांतली एक विसंगती मला मृत्यूच्या आकड्यांइतकीच बोलकी वाटते. अमेरिकेत प्रत्येकाला दोन तारा बसवल्या होत्या. एकच वापरायची की दोन्ही, हे बाहेरून प्रोग्रॅम करून ठरायचं. तिथे एका तारेवर ठेवलेल्यांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्याला दोन तारांवर हलवावं लागलं, त्यातल्या साधारण निम्म्यांना पेसमेकर सिंड्रोमपायी. कॅनडात यंत्रच वेगवेगळी होती. बदलायचं तर पुन्हा ऑपरेशन. तिथे असे बदल ५ टक्क्यांहूनही कमी झाले. एका बाजूचं म्हणणं, सोपं होतं म्हणून डॉक्टरांनी उगाच बदललं. दुसऱ्या बाजूचं, चाकू नको म्हणून कॅनडातल्या रुग्णांनी निमूट सोसलं. खरं दोन्हींच्या मधे कुठेतरी असेल, पण मला दुसरं जास्त पटतं. आपल्याकडेही एकदा छातीवर चीर घेतलेला म्हातारा माणूस परत टेबलावर जायला सहजी तयार होत नाही.

पुढे दोन तारांचाही दोष उघड झाला. यंत्र गरज नसताना खालून ठोके देत राहिलं तर हृदय थकतं. अशा ठोक्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवर गेलं की हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचा धोका दुपटीहून जास्त, असं २००३ मध्ये दिसलं. २००७ मध्ये सेटिंग बदलून खालचे ठोके ९९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणले, तेव्हा टिकून राहणारं एट्रियल फिब्रिलेशनही घटलं. मग फक्त वरची तार का नको? डेन्मार्कनेच १,४१५ रुग्णांवर ते तपासलं. २०११ चा निकाल असा : मृत्यूंत फरक नाही, पण फक्त वरची तार असलेल्यांना पुन्हा ऑपरेशन जवळपास दुप्पट वेळा लागलं. खालचा मार्गही नंतर बिघडू शकतो, आणि ते आधी सांगता येत नाही.

अमेरिकेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणून खालच्या एकट्या तारेपेक्षा वरची तार किंवा दोन तारा पसंत करतात. पेसमेकर बसवण्यासाठी ठोक्यांचा ठरावीक आकडा त्यांनी दिलेला नाही. त्रास आणि मंद ठोके यांची सांगड दिसली पाहिजे. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीही ठोके मंदावतात, हे आधी तपासलं तर एखाद्याचं ऑपरेशन टळतं. खालच्या एकट्या तारेला मात्र त्यांनी जागा ठेवली आहे : ज्यांना यंत्राचे ठोके क्वचितच लागतील, किंवा ज्यांना इतर मोठे आजार आहेत, त्यांच्यासाठी. आपल्याकडे या फटीतून खर्चाचा विचार बिनबोभाट आत येतो. तो खोटा नाही. अमेरिकेत मृत व्यक्तींच्या शरीरातून काढलेले, बॅटरी शिल्लक असलेले ५३ पेसमेकर मुंबईतल्या गरीब रुग्णांना बसवल्याचा अहवाल २०११ मध्ये छापून आला होता; जंतुसंसर्ग किंवा यंत्र बंद पडल्याची नोंद त्यात नव्हती. चितेवर बॅटरी फुटते म्हणून आपल्याकडेही यंत्र आधी काढून घेतात.

आता थेट हृदयात बसणारी, पेसमेकरची बिनतारी कॅप्सूल आली आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालेली पहिली कॅप्सूल खालच्या कप्प्यातली होती. म्हणजे सिक सायनसपुरता फक्त खालूनच ठोका देण्याचा जुनाच प्रश्न नव्या रूपात. वरच्या कप्प्यातल्या कॅप्सूलला मंजुरी २०२३ ची. वर आणि खाली अशा जोडीने बसवलेल्या कॅप्सूल ठोक्यागणिक एकमेकींना संदेश पाठवतात, आणि वरचीची बॅटरी त्यात खालचीपेक्षा बरीच लवकर उतरते.