डिस्कचा वारसा आणि चिपवरचा प्रकाश-स्विच

सिलिकॉन चिपवर प्रकाशाची वाट बदलण्याचा रुळलेला उपाय म्हणजे वेव्हगाइडला (प्रकाश वाहून नेणाऱ्या अरुंद पट्टीला) छोटा हीटर जोडणे. तापमान एका अंशाने वाढले की सिलिकॉनचा अपवर्तनांक जेमतेम 0.00018 ने सरकतो, आणि वळवलेली वाट तशीच ठेवायची तर हीटर सतत चालू ठेवावा लागतो. एका स्विचचे काही मिलिवॅट किरकोळ वाटतात; पण चिपवर असे शेकडो स्विच आले की एकाची उष्णता शेजारच्याला बाधते. एक झटका द्यावा आणि पुढे वीज न लागता स्थिती टिकावी, ही गरज त्यातून पुढे आली.

असे पदार्थ आधीपासून हाताशी होते: झटक्याने स्फटिक (अणूंची नियमित रचना) आणि अस्फटिक (विस्कळीत रचना) या अवस्थांमध्ये बदलणारे, आणि मग त्याच अवस्थेत टिकणारे. विजेने उलटसुलट बदलता येणाऱ्या अस्फटिक मिश्रणांची माहिती 1968 मध्येच प्रसिद्ध झाली होती. 1980 च्या दशकाअखेरीस जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचे 2:2:5 प्रमाणातले मिश्रण, म्हणजे जीएसटी, पुढे आले आणि नंतर पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडींमध्ये गेले.

चिपवाल्यांनी हेच मिश्रण जसेच्या तसे उचलले, आणि माझ्या मते पुढची बरीच गुंतागुंत या निवडीतून आली. डिस्कला 650 नॅनोमीटरचा लेझर शोषून तापणारा थर हवाच होता. शोषण तिथे गुण होता. चिपवर प्रकाश 1550 नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि त्याला न गमावता पुढे न्यायचे असते. तिथे स्फटिक अवस्थेतले जीएसटी काही मायक्रॉनमध्येच प्रकाशाचा मोठा भाग गिळते. 2015 मध्ये सिलिकॉन नायट्राइडच्या वेव्हगाइडवर, प्रकाशाच्याच स्पंदांनी लिहिता-वाचता येणारी, अनेक पातळ्यांची टिकाऊ स्मृती दाखवली गेली. तिथे हे गिळणे उपयोगीच पडले, कारण किती प्रकाश उरला यावरूनच पातळी ओळखायची होती.

पण अशा रचनांनाही ‘स्विच’ म्हटले जाऊ लागले, तिथे घोळ झाला. एका स्थितीत प्रकाश जाऊ देणारे आणि दुसऱ्यात शोषून टाकणारे साधन म्हणजे झडप. प्रकाश या वाटेवरून त्या वाटेवर सुखरूप नेणारे ते स्विच. जाळे उभारणाऱ्यांना दुसरे हवे असते. झडपेच्या ‘चालू’ आणि ‘बंद’ मधले गुणोत्तर कितीही मोठे असले, तरी बंद स्थितीतला प्रकाश कुठे पोचतच नाही. शोधनिबंधांतले आकडे वाचताना हा फरक आधी पाहावा.

जीएसटी न सोडताही एक चांगली वाट 2019 मध्ये निघाली. दोन वेव्हगाइड शेजारी ठेवायचे आणि पदार्थ त्यांतल्या एकावरच बसवायचा. अस्फटिक अवस्थेत दोघांचा मेळ जुळतो आणि प्रकाश पलीकडे ओलांडतो; स्फटिक अवस्थेत मेळ बिघडतो आणि प्रकाश उघड्या वेव्हगाइडमध्येच राहतो. शोषणारा थर असतो, पण प्रकाश त्याच्याकडे फारसा फिरकत नाही.

खरा बदल पदार्थ बदलल्यावर आला. 2020 च्या सुमारास अँटिमनी सल्फाइड आणि अँटिमनी सेलेनाइड यांनी लक्ष वेधले. 1550 नॅनोमीटरला दोन्ही अवस्थांत ते जवळजवळ पारदर्शक असतात. मराठीत इथे एक सोय आहे: पदार्थाची बदलते ती प्रावस्था, प्रकाशलहरीची सरकते ती कला. इंग्रजीत दोन्हींना ‘फेज’ म्हणतात, म्हणून ‘फेज चेंज’ आणि ‘फेज शिफ्ट’ यांची वाचताना सरमिसळ होते. सेलेनाइडमध्ये प्रावस्था बदलली की प्रकाश फारसा न गमावता कला सरकते. दोन फाट्यांचा इंटरफेरोमीटर, म्हणजे प्रकाश दोन वाटांत विभागून पुन्हा एकत्र आणणारी रचना, वापरून वाट बदलायला एवढे पुरते.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. जीएसटीच्या दोन अवस्थांमधला अपवर्तनांकाचा फरक दोनाहून अधिक, सेलेनाइडचा सुमारे 0.77, म्हणून थर लांब लागतो. स्फटिक होण्याचा वेगही जीएसटीपेक्षा कमी. शिवाय अस्फटिक करायला पदार्थ वितळवून झटक्यात थंड करावा लागतो, म्हणजे वेव्हगाइडला खेटून शेकडो अंशांचा स्पंद. त्यासाठी आधी बाहेरून लेझर मारत. आता डोपिंग केलेले (वीज वाहावी म्हणून किंचित भेसळ केलेले) सिलिकॉन किंवा ग्राफीनचा, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनचा, थर हीटर म्हणून वापरतात. सध्याचे बरेच काम याच थराभोवती आहे: तो प्रकाश न शोषता तापला पाहिजे, आणि वरचा पदार्थ वारंवार वितळूनही जागचा हलता कामा नये.