पार्श्वभूमी: वर्गणी की फी?

ट्रेकिंगला माणसे नेणारा 'आयोजक' कोणाला म्हणायचे, यावरून महाराष्ट्रात वाद झाला. त्याची ही पार्श्वभूमी. डोंगरावर माणसे पूर्वीही जात. नवस फेडायला, जत्रेला, चुकलेली गुरे शोधायला. निव्वळ हौस म्हणून जाणे मुंबई-पुण्याच्या नोकरदारांत रुळले ते बरेच अलीकडे.

१९८०-९०च्या दशकांत त्याचा साचा ठरलेला होता. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. संध्याकाळी कल्याणहून आळेफाट्याकडे जाणारी एसटी, खुबी फाट्याला उतरून अंधारात खिरेश्वर, पहाटे टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड. परतताना वहीत हिशेब: एसटी, रॉकेल, कांदे-बटाटे, भागिले नऊ. ही वर्गणी. पुढे चालणारा 'लीडर'ही तीच भरायचा. पुढचा वाद समजून घ्यायचा तर एवढे लक्षात ठेवावे.

२०००नंतर आयटीवाल्यांना शनिवार पूर्ण मोकळा मिळाला. राज्य सरकारी कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा आला २०२० साली. 'माणशी इतके, पिकअप अमुक ठिकाणी, नाश्त्याला पोहे' असे मेसेज फिरू लागले. ही फी. हरिहर गडाच्या कोरीव पायऱ्यांवर उतरणाऱ्यांसाठी चढणारे खोळंबू लागले. कोणी वजन उतरवायला येतो, कोणी फोटोला, कोणी नव्या शहरात ओळखी व्हाव्यात म्हणून. कारणे वाईट नाहीत. पण पैसे मोजून आलेला माणूस वाट शोधत नाही, दाखवणाऱ्याच्या मागे जातो. मग जबाबदारीही दाखवणाऱ्यावरच येते.

अपघातांनंतर प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ साली आयोजकांसाठी सुरक्षा नियमांचा शासन निर्णय निघाला. त्यात गड चढणे आणि पॅराग्लायडिंग 'साहसी उपक्रम' या एकाच टोपलीत पडले. जुन्या गिर्यारोहण संस्थांची हरकत नेमकी इथेच होती, आणि ती रास्त होती. वर्गणी काढून निघालेले नऊ जण आणि बसभर गिऱ्हाईक नेणारा, दोघेही 'आयोजक' कसे? सुरक्षितता कोणालाच नको नव्हती. प्रश्न 'आयोजक' कोणाला म्हणायचे, हा होता. २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आले. जमीन, पाणी, हवा तिन्हींवरचे उपक्रम त्यात, नोंदणीसह. विषय क्रीडा खात्याकडून पर्यटन खात्याकडे गेला आणि भटक्याचा कागदोपत्री पर्यटक झाला.

पावसाळ्यात धबधबे-गडांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, ते मात्र सरसकट असतात. रस्त्यावर बॅरिकेड लागले की वर्गणीवाले आणि फीवाले एकाच रांगेत गाड्या वळवतात.