घरी बांधलेल्या मोटारगाडीची नोंदणी (ठाणे व नवी मुंबई)

घरी बांधलेल्या मोटारगाडीची नोंदणी : कारखान्यात न बनलेली, एखाद्या हौशी माणसाने स्वतःच्या गाळ्यात किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये जुळवलेली चारचाकी रस्त्यावर चालवता यावी म्हणून परिवहन कार्यालयाकडून तिला क्रमांक मिळवण्याचा खटाटोप. अशी गाडी बांधायला कायद्याची थेट मनाई नाही, पण तिच्यासाठी वेगळी वाटही ठेवलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या डोळ्यांसमोर दोन माणसे आहेत : गाडी बनवणारा उत्पादक आणि ती विकत घेणारा मालक. दोघे एकच असतील तर काय, हा प्रश्न फॉर्म तयार करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रश्न वारंवार निघतो, कारण इथे गाडी बांधण्याची सगळी सोय हाताशी आहे. ठाण्याची वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा औद्योगिक पट्टा लेझर कटिंग, टिग वेल्डिंग, लेथ आणि पावडर कोटिंगच्या लहान-मोठ्या गाळ्यांनी भरलेला आहे. जुन्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग रॅक यांसाठी कुर्ल्याचा भंगार बाजार जवळ. वजन करायचे तर तुर्भ्याच्या बाजार समितीच्या परिसरात काटे आहेतच. ठाण्याच्या गाड्यांवर एमएच-०४, वाशीच्या कार्यालयाकडून एमएच-४३, कल्याणकडून एमएच-०५ ही अक्षरे येतात. खारघर-कामोठ्याचा माणूस स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतो, पण त्याच्या गाडीवर पनवेलचे एमएच-४६ असते. घरच्या गाडीला यांपैकी कोणतीही अक्षरे सहजी मिळत नाहीत, आणि एका कार्यालयात नाही जमले म्हणून दुसऱ्यात प्रयत्न करण्यात अर्थ नाही. अडचण कार्यालयाची नसून नियमांच्या रचनेची आहे.

कायद्याची चौकट. मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे दोन्ही १ जुलै १९८९ पासून लागू आहेत. कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून काही गोष्टी वगळल्या आहेत : रुळांवर चालणारी वाहने, केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास वाहने आणि चारपेक्षा कमी चाकांची, २५ घनसेंमीपर्यंत इंजिन असलेली वाहने. चार चाकांच्या घरगुती गाडीला यांतली फक्त मधली सवलत लागू पडू शकते. म्हणून रबाळ्याच्या एखाद्या कंपनीच्या आवारात माल वाहणारी स्वतः बांधलेली गाडी वर्षानुवर्षे बिनक्रमांकाची फिरते आणि कोणी हटकत नाही. तीच गाडी फाटकाबाहेर चहाच्या टपरीपर्यंत नेली, तर कलम १९२ लागू होते : पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड, पुन्हा तेच केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. कलम २०७ खाली पोलिसांना गाडी ताब्यात घेता येते. रात्री पाम बीच रोडवर ‘एकच ट्रायल’ मारण्याचा मोह अनेकांना होतो. त्या ट्रायलला विमा नसतो, आणि अपघात झाला तर तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानभरपाईची सगळी जबाबदारी चालवणाऱ्यावर येऊन पडते. दंडापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे.

कागदपत्रांचा पेच. नवी गाडी नोंदवायची तर फॉर्म २० मध्ये अर्ज करायचा. सोबत फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र, विम्याचा कागद, पत्त्याचा पुरावा आणि शुल्क. चेसिस (गाडीचा सांगाडा) निराळी आणि बॉडी निराळ्या ठिकाणी बांधलेली असेल, तर बॉडी बांधणारा फॉर्म २२-अ देतो. हौशी बांधणाऱ्याची गाडी इथेच अडते. फॉर्म २१ कोणी द्यायचा, जेव्हा गाडी कोणी कोणाला विकलेलीच नाही? फॉर्म २२ वर सही कोणाची? आपणच आपल्याला लिहून दिलेले प्रमाणपत्र चालत नाही, कारण या फॉर्मांमागे उत्पादकाला मिळालेली नमुना-मान्यता, म्हणजे गाडीचा एक नमुना तपासून दिलेली मान्यता, गृहीत धरलेली असते.

चेसिस क्रमांकाचे दुखणे त्याहून मोठे. नियम १२२ नुसार चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष ठोकणे ही उत्पादकाची जबाबदारी. आजच्या गाड्यांचा हा क्रमांक १७ अक्षरांचा असतो आणि भारतीय बनावटीच्या गाड्यांत तो बहुधा इंग्रजी एम अक्षराने सुरू होतो; पहिल्या अक्षरांवरून बनवणारा ओळखता येतो. पासिंगच्या वेळी चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासून या क्रमांकाची छाप घेण्याची जुनी पद्धत गाडीमालकांना ठाऊक आहेच. घरी वेल्डिंग केलेल्या पाइपांच्या सांगाड्यावर छाप घेण्यासारखे काही नसते. मनाने एखादा क्रमांक पंच केला, तर मामला नोंदणीतून थेट चोरीच्या गाड्यांच्या संशयावर जातो. जुन्या गाडीचा क्रमांक असलेला पत्र्याचा तुकडा कापून नव्या सांगाड्यावर वेल्ड करणे तर त्याहून वाईट. भंगारवाल्याकडे ही युक्ती हसत-हसत सुचवली जाते. ती ऐकायचीही नाही.

शिवाय गाड्यांची माहिती आता ‘वाहन’ या संगणकप्रणालीत भरली जाते. मान्यताप्राप्त उत्पादकांची मॉडेले आणि चेसिस क्रमांक आधीच प्रणालीत चढवलेले असतात, खिडकीमागचा कर्मचारी यादीतून निवड करतो. यादीत नसलेली गाडी त्याच्या पडद्यावर अस्तित्वातच नसते. पूर्वीच्या कागदी रजिस्टरात समजूतदार अधिकाऱ्याला दोन ओळी जास्त लिहिता येत, ती फट आता बुजली आहे.

कराचेही असेच. महाराष्ट्रात खासगी गाडीवर एकरकमी कर किमतीच्या टक्केवारीने घेतात. पेट्रोलच्या गाडीला १० लाख रुपयांपर्यंत ११ टक्के. किंमत बिलावरून ठरते. घरच्या गाडीला बिल नसते, सुट्या भागांच्या पावत्यांची फाइल असते, आणि त्या पावत्यांत अर्ध्या भंगारातल्या कच्च्या चिठ्ठ्या. तरी जपून ठेवाव्यात. इंजिन चोरीचे नाही हे दाखवायला तेवढाच आधार असतो. जुन्या गाडीची नोंदणी कलम ५५ खाली रद्द झाल्याचा कागद सोबत असेल तर उत्तम.

नमुना-चाचणी. केंद्रीय नियमांतील नियम १२६ नुसार प्रत्येक उत्पादकाने वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे चाचणीस द्यावा लागतो. अशा संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यात आहेत, संरक्षण खात्याची व्हीआरडीई अहिल्यानगरला, आयकॅट मानेसरला. ठाणेकरांच्या दृष्टीने सगळ्यांत जवळची एआरएआय, म्हणजे गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवून कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने पुणे. स्वतःच्या चाकांवर तिला तिथवर नेता येत नाही. नोंदणीआधी गाडी रस्त्यावर नेण्याची मुभा देणारे व्यापार प्रमाणपत्र (लाल पाटीवर पांढरी अक्षरे) उत्पादक, विक्रेते अशांनाच मिळते.

चाचणीला हरकत असायचे कारण नाही. ब्रेक लागतात का, हे कोणीतरी त्रयस्थाने पाहिलेच पाहिजे. अडचण प्रमाणाची आहे. या चाचण्या हजारो गाड्या बनवणाऱ्यांसाठी आखलेल्या आहेत आणि एका नमुन्याचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला जाईल असे त्यात गृहीत आहे. २०१७ च्या ऑक्टोबरपासून नव्या मॉडेलांना समोरून व बाजूने धडक-चाचणी सक्तीची झाली. धडक-चाचणीत गाडी नष्ट होते. ज्याने एकच गाडी बांधली, त्याने कोणती द्यायची?

धुराचा निकष असाच निर्णायक ठरतो. गाडीत बसवलेले इंजिन पंधरा वर्षांचे असले तरी गाडी ‘आज’ बनलेली मानली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयाने १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे भारतीय मानक) नसलेल्या गाड्यांची विक्री व नोंदणी बंद झाली. त्यामुळे हौशी लोकांचे लाडके मारुती ८०० चे इंजिन नव्या नोंदणीसाठी बाद. बीएस-६ इंजिन घ्यायचे तर त्याचा ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग), सेन्सर आणि वायरिंग सगळेच घ्यावे लागते. विजेची मोटार बसवली तर धूर उरत नाही, पण बॅटरीचे सुरक्षा-मानक (एआयएस-०३८) आडवे येते आणि घरी जोडलेले बॅटरीपॅक त्यात बसणे कठीण.

गंमत अशी, की परदेशी कंपनीला २०१८ पासून वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या इथल्या चाचणीशिवाय आणता येतात, आंतरराष्ट्रीय मानके पाळली असली म्हणजे झाले. थोड्या संख्येसाठी सवलत असू शकते हे सरकारला मान्य आहे. एका गाडीसाठी मात्र नाही. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे आणि वय किंवा मूळ निश्चित नसलेल्या गाडीला क्यू अक्षराची पाटी मिळते. जर्मनीतही एकाच गाडीला तपासून मान्यता मिळू शकते. आपल्याकडे तशी व्यवस्था असती तर बहुतेक पेच सुटले असते.

कार्यालयातला व्यवहार. प्रत्यक्षात अर्जदार आधी बाहेरच्या एजंटला भेटतो. टोल-नाका ओलांडण्याइतके सोपे असल्याच्या थाटात एजंट ‘होऊन जाईल’ म्हणतो, मग फाइल पाहून ‘हे वरून करावे लागेल’ म्हणतो. वरून म्हणजे कुठून, हे तो सांगत नाही. आत मोटार वाहन निरीक्षक बहुधा गाडीकडे कौतुकाने पाहतो, बॉनेट उघडायला लावतो, दोन प्रश्न विचारतो आणि ‘साहेब, सिस्टीमच घेत नाही’ म्हणून हात वर करतो. त्याचे म्हणणे खरेच असते.

इथे बहुतेक जण तोंडी नकार घेऊन घरी परततात. तोंडी नकाराला कायद्यात किंमत नाही. कलम ४५ नुसार नोंदणी नाकारायची तर प्राधिकाऱ्याने तसा आदेश काढून कारणांसह त्याची प्रत अर्जदाराला द्यायची असते. त्यावर कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येते. म्हणून अर्ज आवक विभागात द्यावा आणि शिक्क्यानिशी पोच घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांबाबतही नकाराचे कारण लेखी मिळण्याचा आणि अपिलाचा हक्क आहे. अपिलात नमुना-चाचणीची अट माफ होईल अशी आशा धरू नये, कारण ती शिथिल करणे ठाण्याच्या किंवा वाशीच्या अधिकाऱ्याच्या हातात नाही. पण लेखी कारण मिळाले की नेमके काय कमी आहे ते कळते, आणि एजंटचा रस्ता बंद होतो.

जुन्या आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) पळवाट. गाळ्यांमध्ये सर्रास ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘जुन्या जीपची आरसी घे आणि त्यावर नवी गाडी बांध’. हरियाणातील मंडी डबवालीत बांधून विकल्या जाणाऱ्या जीपगाड्यांमुळे हा समज अधिक पसरला. कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली अनधिकृत बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलून आरसीत नोंद करणे वेगळे आणि आरसीखाली अख्खी दुसरी गाडी घालणे वेगळे. लष्कराच्या लिलावातील गाड्यांचे प्रकरण निराळे : त्यांना संबंधित अधिकाऱ्यांकडून फॉर्म २१ मिळतो, त्या मूळच्या खऱ्या गाड्या असतात. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीही २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी आहे, पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी. जुनी दिसणारी नवी बॉडी त्यात बसत नाही.

पूर्वीची उदाहरणे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना बनवला आणि पुढे त्यात सुधारणा करत राहिले. तेव्हा १९३९ चा कायदा होता आणि आजच्यासारखी नमुना-चाचणी नव्हती. मीरा कारखान्यात उत्पादनाला गेली नाही, त्याची कारणे नोंदणीत नव्हे तर परवाने आणि भांडवलात होती. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. तिची चित्रफीत पाहून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ही गाडी नियमांत बसत नसल्याने कधी ना कधी अडवली जाईल, असे सांगत बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्या महिन्यात ती दिलीही. कौतुक झाले, नवी गाडी मिळाली, पण त्या जीपला रस्त्यावरचा क्रमांक मिळाला नाही. उत्तर भारतातील पंपाच्या इंजिनावर चालणाऱ्या ‘जुगाड’ गाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या मोटार वाहनच आहेत असे म्हटले, म्हणजे त्यांनाही नोंदणी व विमा लागतो.

उरलेल्या वाटा. ठाणे व नवी मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी बाहा (खडबडीत वाटेवरच्या गाड्या) किंवा फॉर्म्युला (शर्यतीच्या गाड्या) या विद्यार्थी-स्पर्धांसाठी दरवर्षी गाड्या बांधतात. त्या टेम्पोतून ट्रॅकवर नेतात, तिथेच चालवतात, परत टेम्पोतून आणतात. नोंदणीचा प्रश्नच येत नाही. हौशी माणसालाही हाच मार्ग परवडतो. रस्त्यावरच चालवायची असेल, तर नोंदलेली गाडी घेऊन तिच्यात मान्यताप्राप्त सीएनजी किंवा विजेचा संच मान्यताप्राप्त केंद्रातून बसवून घेणे आणि आरसीत तशी नोंद करून घेणे कायदेशीर आहे. यात बांधण्याची हौस निम्मीच भागते. ज्यांना पूर्ण गाडी स्वतःचीच हवी असते, ते शेवटी कंपनी काढून उत्पादक म्हणून नमुना-मान्यतेला जातात. तोवर खर्च गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट झालेला असतो.