सिगारेटवरचा कर : तिजोरीकडून आरोग्याकडे

तंबाखूवर जबर कर बसवण्याची कल्पना चारशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूचा कट्टर विरोधक होता. १६०४ मध्ये त्याने एक पौंड वजनाच्या तंबाखूवरचा २ पेन्सचा कर एकदम ६ शिलिंग १० पेन्सवर नेला, म्हणजे ४१ पट. चोरटा व्यापार बोकाळला आणि काही वर्षांतच त्याला कर खाली आणावा लागला.

पुढची साडेतीन शतके सरकारांच्या लेखी तंबाखू म्हणजे हमखास महसूल. जीवनावश्यक नाही, पण खप सगळीकडे. म्हणून कराला अत्यंत योग्य, असे अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथने १७७६ मध्येच म्हटले होते.

हा हिशोब बदलला तो १९५० मध्ये. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधनातून ठळकपणे पुढे आला. तरी व्यसनी माणूस कितीही महाग झाली तरी सिगारेट घेणारच, अशी समजूत टिकून होती. ती चुकीची ठरली. किंमत १० टक्के वाढली की खप श्रीमंत देशांत सुमारे ४ टक्के, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधारण ५ टक्के घटतो. खिशात पैसे कमी असलेली तरुण मुले सर्वात आधी हात आखडता घेतात, आणि माझ्या मते या कराची खरी कमाई तीच आहे. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी १० वर्षे गमावतो. तिशीत सोडणाऱ्याची ती जवळपास सगळी वाचतात.

खप घटतो, पण दर जितका वाढतो त्या प्रमाणात नाही. त्यामुळे सरकारचे उत्पन्नही वाढते. दक्षिण आफ्रिकेने १९९० च्या दशकात दोन्ही गोष्टी एकदम अनुभवल्या. उलट, कॅनडाने तस्करीला घाबरून १९९४ मध्ये कर कापला आणि तरुणांमधले धूम्रपान वाढले.

कर किती यापेक्षा तो कसा बसवला हे अनेकदा महत्त्वाचे असते. फिलिपिन्समध्ये पाकिटाच्या किमतीनुसार कराचे चार टप्पे होते, आणि जुन्या ब्रँडांवरचा कर १९९६ च्या किमतींवर गोठलेला होता. महाग पाकीट परवडेना की माणूस स्वस्तावर यायचा; सोडायचा नाही. २०१२ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. सर्वात स्वस्त पाकिटावरचा २.७२ पेसोंचा कर २०१३ मध्ये १२ पेसो झाला आणि २०१७ मध्ये सगळ्या पाकिटांना सरसकट ३० पेसो. वाढीव पैशांतला मोठा वाटा गरिबांच्या आरोग्यविम्याकडे वळवला गेला. २००९ मध्ये २८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. २०१५ मध्ये ते प्रमाण २३ टक्क्यांच्या आत आले.

कराचा बोजा गरिबांवर पडतो, हा आक्षेप खोटा नाही, पण अर्धा आहे. किंमत वाढल्यावर सोडणाऱ्यांतही गरीबच जास्त असतात, आणि आजारपणाच्या खर्चाने कंबरडे मोडते तेही त्यांचेच.

तस्करीचा प्रश्न मात्र जेम्सच्या काळापासून सुटलेला नाही. ऑस्ट्रेलियात अलीकडे बेकायदा सिगारेटींचा व्यापार वाढून महसूल घटला आहे. पाकीट कारखान्यातून निघाल्यापासून त्याचा माग ठेवता यावा, यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०१८ मध्ये लागू झाला. त्यात अजून बरेच देश सामील झालेले नाहीत.