बाजार वऱ्हाडात आला, शेतकरी मात्र काट्यापाशीच अडला

शेतमालाच्या बाजाराला नियम लावण्याची देशातली सुरुवात वऱ्हाडात झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून इथल्या कापसाची मागणी वाढली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. १८८६ साली कारंजा इथे कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. कापूस पिकवणाऱ्यापेक्षा गिरणीला स्वच्छ, बिनभेसळीचा माल मिळावा ही काळजी त्यामागे मोठी होती आणि बाजार समितीवर वर्चस्वही व्यापाऱ्यांचेच राहिले.

महाराष्ट्राच्या १९६३ च्या पणन कायद्याने समितीत शेतकरी प्रतिनिधींना बहुमत दिले. उघडा लिलाव, तपासलेला काटा, हिशेबपट्टी हे त्यातले खरे मोलाचे. पण लिलावात उतरायला माल यार्डापर्यंत न्यावा लागतो. दोन एकरांत दहा-बारा क्विंटल सोयाबीन झाले, तर तेवढ्यासाठी गाडीभाडे, हमाली, तोलाई आणि एक मोडलेला दिवस परवडत नाही. म्हणून खेडा खरेदी टिकली: दारात काटा, हातात रोख, भाव मात्र पडता आणि वर ‘कटती’, म्हणजे वजनातली कपात.

१९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी आली. कापूस सरकारलाच विकायचा, भाव ठरलेला. लहान शेतकऱ्याला पहिल्यांदाच मोठ्याइतकाच भाव मिळू लागला, हे या योजनेचे मोठे काम. ती ढासळली चुकाऱ्यामुळे, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांमुळे. पैसे हप्त्याने आणि उशिरा येत, सावकार थांबत नसे. मग शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस सीमेपलीकडे जाई, भाव पडला की सगळा सरकारी केंद्रावर येई. तोटा वाढत गेला आणि २००२ नंतर खासगी खरेदी खुली झाली.

त्याच २००२ मध्ये कंपनी कायद्यात शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद आली. किमान दहा उत्पादक एकत्र आले की नोंदणी करता येते. नोंदणी सोपी आहे, ट्रक भरणे अवघड. तेल कारखाना दहा-पाच पोत्यांचा सौदा करत नाही, त्याला एकसारखा शंभर क्विंटलचा लॉट लागतो. त्यासाठी प्रत्येक सभासदाचे पोते मोजायच्या आधी चाळणीवर घ्यावे आणि ओलावा यंत्रावर बघावा. सोयाबीनला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. एकाचे १६ टक्क्यांचे सोयाबीन इतरांच्या कोरड्या मालात मिसळले, तर नमुना बिघडतो आणि कपात अख्ख्या ट्रकवर बसते. कापसाचे तसेच: ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की सरकारी खरेदीत भाव कापला जातो, १२ च्या वर माल परत येतो. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस उन्हात पसरून मगच भरावा. पहिल्या वेचणीचा माल शेवटच्या कवडीत (डागाळलेल्या, हलक्या कापसात) मिसळू नये.

दुसरी अडचण जुनीच. कारखान्याचे पैसे यायला दिवस लागतात आणि तोवर सभासदाला द्यायला कंपनीकडे खेळते भांडवल नसते. दिवाळी तोंडावर असते, सभासद खेडा खरेदीवाल्याकडे वळतो, लॉट अपुरा राहतो, सौदा मोडतो. आमच्या मते बहुतेक कंपन्या इथेच बसतात, भावात नाही.

यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना, १९९०-९१ पासूनची. बाजार समितीच्या गोदामात स्वतःचे सोयाबीन किंवा तूर ठेवली की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. व्यापाऱ्याच्या मालाला ती लागू नाही, म्हणून सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून करायची पिकाची नोंद) राहून गेली असेल, तर हमीभाव केंद्रावरही नाव लागत नाही. म्हणून कंपनीने हंगाम सुरू होण्याआधीच सभासदांचे सातबारे गोळा करून ही नोंद तपासावी, आपल्या समितीत तारण योजना चालू आहे का ते विचारावे आणि कारखान्याशी सौदा करताना चुकाऱ्याची तारीख लेखी घ्यावी.