रक्ताला रक्त ओळखत नाही

‘आदिमानव शिकारीला जायचा, म्हणून पुरुषांना रस्ते लक्षात राहतात’ अशी वाक्यं मोबाइलवर रोज फिरतात आणि खाली ‘विज्ञानाने सिद्ध’ असा शिक्का असतो. माणसाच्या वागण्याकडे उत्क्रांतीच्या नजरेने बघायला माझी ना नाही, उलट मला त्याचा नादच आहे. पण तिथे गोष्ट रचणं फार सोपं असतं. खोटी पडू शकेल अशी गोष्ट रचणं अवघड, आणि तसं एक उदाहरण मला भारी आवडतं.

सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुकं सामाईक असतात. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टनने 1964 मध्ये गणित मांडलं: घेणाऱ्याचा फायदा गुणिले नात्याचा अंश हे देणाऱ्याच्या तोट्याहून जास्त भरलं, तर मदतीची वृत्ती टिकते. भावंडांसाठी हा अंश 1/2. मात्र त्याच भावंडांना एकमेकांपासून मूल झालं, तर दोघांत लपलेलं एकच सदोष जनुक मुलात दुहेरी येण्याचा धोका वाढतो. म्हणजे जीव लावायचा तोही भावंडाला आणि शरीरसंबंध टाळायचा तोही भावंडाशीच. त्यासाठी आधी भावंडं ओळखू यायला हवीत, आणि जनुकं काही डोळ्यांना दिसत नाहीत. ‘रक्ताची ओढ’ चित्रपटापुरती ठीक आहे.

फिनलंडचा समाजशास्त्रज्ञ एडवर्ड वेस्टरमार्क याने 1891 मध्येच सुचवलं होतं, की बालपणी एकत्र वाढलेल्यांत पुढे आकर्षण निर्माण होत नाही. इस्रायलमधल्या किबुत्झ नावाच्या सामूहिक वसाहतींत बिनानात्याची मुलं एकाच बालगृहात वाढत. संशोधक जोसेफ शेफरने 1971 मध्ये त्यांची 2,769 लग्नं तपासली. बालगृहातल्या एकाच गटात वाढलेल्या दोघांची लग्नं निघाली फक्त 14, आणि त्यांतलं एकही जोडपं पहिली सहा वर्षं सलग एकत्र वाढलेलं नव्हतं. यावर आक्षेपही आहेत. पुढे काही किबुत्झवासीयांनी मुलाखतींत ‘आकर्षण वाटायचं’ असं सांगितलं.

खरी मजा 2007 मधल्या अभ्यासात आहे. डेब्रा लिबरमन, जॉन टूबी आणि लेडा कॉस्मिडेस या संशोधकांनी विचार केला, की थोरल्या भावंडाकडे एक पक्का पुरावा असतो: आई तान्ह्या बाळाला सांभाळताना त्याने पाहिलेली असते. धाकट्याला थोरल्याचं तान्हेपण दिसणं शक्यच नाही, तो तेव्हा जन्मलेलाच नसतो. त्याच्या हाती उरतात फक्त एका घरात काढलेली वर्षं. मग थोरल्याच्या बाबतीत वर्षांचा हिशोब गौण ठरायला हवा आणि धाकट्याच्या बाबतीत तोच निर्णायक. शिवाय दोन वेगळ्या मोजमापांत, म्हणजे भावंडासाठी किती खस्ता खाल, अगदी मूत्रपिंड द्याल का, आणि शरीरसंबंधाच्या कल्पनेची किती शिसारी येते, यांत हाच नमुना दिसायला हवा.

दोन्हीकडे तोच दिसला. एकत्र राहण्याच्या वर्षांमुळेच सगळं ठरत असतं, तर थोरल्या-धाकट्यांत हा फरक पडायचं कारणच नव्हतं.