अ‍ॅस्टेअर यांचा एक तास आणि त्यामागचा रंगीत हिशेब

१७ ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने 'अ‍ॅन इव्हनिंग विथ फ्रेड अ‍ॅस्टेअर' हा एक तासाचा नृत्यगायनाचा कार्यक्रम कॅलिफोर्नियातील बरबँक येथील स्टुडिओतून रंगीत आणि थेट प्रक्षेपित केला. अ‍ॅस्टेअर त्या वेळी ५९ वर्षांचे होते. वयाच्या सहाव्या वर्षापासून बहीण अ‍ॅडेलसोबत रंगमंचावर नाचलेल्या आणि पुढे चित्रपटांत जगभर गाजलेल्या या कलावंताचा दूरचित्रवाणीवरचा हा पहिलाच स्वतंत्र कार्यक्रम होता. त्याच्या यशाचे श्रेय सहसा त्यांच्या पावलांना दिले जाते. ते रास्तच आहे, परंतु ज्या साच्यात तो कार्यक्रम बसला, तो साचा एका नर्तकाने नव्हे, तर टीव्ही संच विकणाऱ्या कंपनीच्या गरजेने घडवला होता.

एनबीसीची मालकी आरसीए या कंपनीकडे होती आणि आरसीए टीव्ही संच बनवत असे. डिसेंबर १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाच्या मानकाला सरकारी मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षी आरसीएचा पहिला रंगीत संच सुमारे १,००० डॉलरना बाजारात आला. एवढ्या किमतीचा संच विकत घ्यावा असे कोणाला वाटायचे, तर त्यावर पाहण्याजोगे काही असायला हवे होते. एनबीसीचे प्रमुख पॅट वीव्हर यांनी त्यासाठी एक योजना काढली. दर चौथ्या आठवड्याला नेहमीच्या मालिका बाजूला सारायच्या आणि त्या जागी दीड तासाचा, खर्चिक, रंगीत कार्यक्रम दाखवायचा. अशा कार्यक्रमाला त्यांनी 'स्पेक्टॅक्युलर' असे भपकेबाज नाव दिले. 'स्पेशल' हे सुटसुटीत नाव नंतर रुळले.

या योजनेला आधार देणारे एक उदाहरण समोर होते. जून १९५३ मध्ये फोर्ड मोटर कंपनीच्या पन्नाशीनिमित्त एनबीसी आणि सीबीएस या दोन्ही वाहिन्यांवर एकाच वेळी एक भव्य कार्यक्रम झाला होता. त्यात मेरी मार्टिन आणि एथेल मर्मन या रंगभूमीवरच्या दोन मातब्बर गायिका साध्या स्टुलांवर शेजारी शेजारी बसून एकामागून एक गाणी गायल्या, आणि एवढ्या मोठ्या सोहळ्यातून लोकांच्या लक्षात राहिली ती नेमकी तीच दोन स्टुले. वीव्हर यांचा पहिला प्रयोग मात्र साधला नाही. १२ सप्टेंबर १९५४ रोजी बेटी हटन यांना घेऊन केलेल्या 'सॅटिन्स अँड स्पर्स' या संगीतिकेचे स्वागत थंडच झाले. योजनेचा जम बसला तो मार्च १९५५ मधील 'पीटर पॅन'मुळे. मेरी मार्टिन यांचे ते थेट प्रक्षेपण सुमारे साडेसहा कोटी लोकांनी पाहिल्याचे त्या वेळी मोजले गेले.

अ‍ॅस्टेअर यांच्या वाट्याला ही चौकट आली तोवर तिचा मूळ थाट बदलला होता. दीड तासाचा एक तास झाला होता आणि संपूर्ण कार्यक्रमाचे प्रायोजकत्व क्रायस्लर या मोटार कंपनीने घेतले होते. अमेरिकेत नव्या वर्षाच्या मोटारी शरद ऋतूतच बाजारात येत, हे लक्षात घेतले की ऑक्टोबरची तारीख सहज उलगडते. दिग्दर्शन बड यॉर्किन यांचे होते, नृत्यरचनेत चित्रपटांच्या काळापासूनचे सहकारी हर्मीस पॅन होते आणि सहनर्तिका होती पंचविशीला टेकलेली बॅरी चेस. चित्रपटांत अ‍ॅस्टेअर यांचा एक हट्ट असे: नाचणारे शरीर डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसले पाहिजे आणि दृश्य शक्य तितके कमी तोडले पाहिजे. घरातल्या लहानशा पडद्यावर असे केले की माणूस बोटभर दिसतो. मागे गजबजलेला देखावा असेल, तर तो त्यात हरवूनच जायचा. म्हणून येथे नेपथ्य बहुतांशी उघडे आणि मोकळे ठेवले गेले. रंगांचे सपाट पट्टे आणि त्यांवर हलणारी आकृती, बस्स. रंगीत संचाची जाहिरात म्हणून हे जितके कामाचे होते, तितकेच नृत्य म्हणूनही, आणि असा मेळ स्पेक्टॅक्युलरांच्या भपक्याला क्वचितच साधला होता.

मे १९५९ मध्ये कार्यक्रमाला नऊ एमी, म्हणजे अमेरिकी दूरचित्रवाणीचे मानाचे पुरस्कार मिळाले. त्यांतला एक अभिनयाचा होता आणि त्यावरून वाद उठला. नाचण्या-गाण्याला अभिनय कसे म्हणायचे, असा आक्षेप सीबीएसवरील लोकप्रिय कार्यक्रमाचे सूत्रधार एड सलिव्हन यांनी घेतला, तेव्हा अ‍ॅस्टेअर यांनी तो पुरस्कार परत करण्याची तयारी दाखवली. पुढे १९५९, १९६० आणि १९६८ मध्ये बॅरी चेसबरोबरच त्यांनी आणखी तीन कार्यक्रम केले.

या कार्यक्रमाचा खरा वेगळेपणा मात्र एका फितीत आहे. त्याआधीचे थेट कार्यक्रम जपायचे, तर टीव्हीच्या नळीसमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून तिच्यावरचे चित्र टिपत, आणि त्यात रंग जात असत. १९५५चा 'पीटर पॅन' त्यामुळेच केवळ कृष्णधवल उरला आहे. १९५६ मध्ये अ‍ॅम्पेक्स कंपनीचे चित्रफीत यंत्र आले. त्यातली दोन इंच रुंदीची फीत पुढे सरकत असताना नोंद करणारी चार सूक्ष्म शीर्षे बसवलेले चाक मिनिटाला १४,४०० फेऱ्या घेत तिच्यावर आडव्या रेघा उमटवत असे. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर असल्याने तोच कार्यक्रम पश्चिमेकडे उशिरा दाखवण्यासाठी वाहिन्यांना या यंत्राची निकड होती, जतनाचा विचार त्यात फारसा नव्हता. बरबँकच्या अभियंत्यांनी त्यावर रंग नोंदवण्याची स्वतःची युक्ती बसवली होती, पण पुढे प्रचलित झालेली पद्धत वेगळी निघाली आणि अ‍ॅस्टेअर यांची फीत नव्या यंत्रांवर रंगांत दिसेना. एड रायटन, डॉन केंट आणि डॅन आइनस्टाइन या तिघांनी खास जुळवणी करून ती पुन्हा रंगांसह वाचली आणि नव्या फितीवर उतरवली. १९८८ मध्ये या कामालाही एमी मिळाला. अ‍ॅस्टेअर यांचे निधन त्याआधीच्या जूनमध्ये झाले होते.